फेड की ड्रॉ? गोल्फमधला आपला हातखंडा फटका कसा ठरवावा

गल्लीत का होईना, क्रिकेट खेळलेल्या माणसाला 'स्टॉक बॉल' समजावून सांगावा लागत नाही. ऑफस्पिनरच्या पोतडीत आर्म बॉल असेल, दूसरा असेल, पण षटकातले चार-पाच चेंडू तो आपला नेहमीचा ऑफब्रेकच टाकतो आणि फील्डिंगही त्याच हिशोबाने लावतो. आपण शनिवार-रविवारचे गोल्फर मात्र प्रत्येक टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभे राहून सरळ मारायला जातो. चेंडू सरळ जात नाही. पुढच्या टीवर पुन्हा तेच.

मी नेरुळला राहतो आणि पहाटे खारघरला खेळायला जातो. पांडवकड्याच्या अलीकडे, डोंगरांच्या कुशीत सिडकोने केलेलं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे, तिथे. खेळायला लागल्यापासून माझा चेंडू उजवीकडे वळतो. कुणीतरी सांगितलं की चांगले खेळाडू ड्रॉ मारतात, उजवीकडून डावीकडे येणारा. झालं! दोन वर्षं मी ड्रॉच्या मागे लागलो. हाती एवढंच आलं की पूर्वी चेंडू फक्त उजवीकडे हरवायचा, आता दोन्हीकडे हरवायला लागला.

शेवटी बॅग वाहणाऱ्या एका कॅडीकाकांनी टीवर मला थांबवलं. "साहेब, तो उजवीकडेच जाणारे. मग तुम्ही उभेच डावीकडे राहा ना."

मला तेव्हा ते पळवाट सांगताहेत असं वाटलं होतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका वाक्याच्या आहेत.

(सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.)

आधी चार शब्द

डावीकडून उजवीकडे हलकेच वळतो तो फेड, जास्त वळला की स्लाइस. उजवीकडून डावीकडे हलकेच वळतो तो ड्रॉ, जास्त वळला की हुक. फेड आणि स्लाइस एकाच घराण्यातले आहेत, हे ध्यानात ठेवा. स्लाइसवाल्याला घर बदलायची गरज नसते, आवाज खाली आणायची असते.

एकच वळण कशासाठी?

फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा मधला पट्टा, 30 यार्ड रुंद आहे असं धरा. तुम्ही मधोमध नेम धरला आणि चेंडू कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळत असेल, तर दोन्ही बाजूंना चुकायला 15-15 यार्ड मिळतात. तोच चेंडू नेहमी उजवीकडेच वळणार अशी खात्री असेल, तर नेम डाव्या कडेच्या थोडा आत धरायचा. मग जवळपास सगळे 30 यार्ड तुमचे. थोडा वळला तरी फेअरवे, जास्त वळला तरी फेअरवे. हात तेच, क्लब (काठ्या) तेच, फक्त मैदान दुप्पट झालं.

यातलं कुठलं वळण श्रेष्ठ, हा वाद निरर्थक आहे. बेन होगन सुरुवातीच्या काळात हुकने हैराण झाला होता, फेडकडे वळल्यावर तो घडला आणि 1953 मध्ये त्याने एकाच वर्षी तीन मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या चार स्पर्धांपैकी तीन, जिंकल्या. 18 मेजर जिंकणाऱ्या जॅक निक्लॉसचा भरवसाही फेडवरच. उलट दक्षिण आफ्रिकेच्या बॉबी लॉकचा चेंडू भलताच उजवीकडे सुटायचा आणि वळून डावीकडे यायचा, आणि तेवढ्यावर त्याने चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकली.

पायरी 1: वीस चेंडू आणि एक वही

रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जा, सात नंबरचं आयर्न, म्हणजे मधल्या पल्ल्याचा क्लब, घ्या. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, बॅगेतच राहू द्या. त्याचा लॉफ्ट (तोंडाचा कल) कमी असल्यामुळे चेंडूवर उलटी फिरकी कमी बसते, आणि छोटी चूकसुद्धा मोठं वळण होऊन दिसते. वेजचं (जवळून उंच मारायच्या क्लबचं) याच्या उलट, तो सगळं झाकून ठेवतो. सात नंबर मधला, म्हणून प्रामाणिक.

समोरचा एक खांब किंवा झाड लक्ष्य धरा. दहा चेंडू सैल होण्यासाठी मारा, ते मोजू नका. पुढच्या वीस चेंडूंचे वहीत दोन रकाने करा. पहिल्यात चेंडू कुठे *निघाला*: डावीकडे, सरळ की उजवीकडे. दुसऱ्यात तो कुठे *वळला*. बहुतेक जण फक्त दुसरा रकाना पाहतात, आणि खरी गंमत पहिल्यात असते. एखादा मित्र मागे उभा राहून लिहून देणार असेल तर फारच बरं. आपणच मारलेल्या फटक्याबद्दल आपण फार उदार असतो.

माझी वही अशी निघाली: सरळ निघून उजवीकडे वळले 8, डावीकडे निघून उजवीकडे वळले 5, उजवीकडे निघून आणखी उजवीकडे गेले 4, नाकासमोर गेले 2, डावीकडे वळला 1.

म्हणजे वीसपैकी सतरा चेंडू एकाच बाजूला वळत होते. ज्या सातत्यासाठी मी दोन वर्षं धडपडलो ते माझ्याकडे आधीच होतं. आणि चेंडू हरवत होते ते फक्त त्या चारांमुळे. त्यांचं वळण बाकीच्यांइतकंच होतं, पण ते निघतानाच उजवीकडे निघाले होते. मी वळणाशी भांडत बसलो होतो आणि चूक निघण्याच्या दिशेत होती.

पायरी 2: आकडे वाचायला शिका

चेंडू कुठे निघणार हे मुख्यतः क्लबफेस ठरवतो, म्हणजे टक्कर होताना क्लबचं तोंड ज्या दिशेला असतं ते. ड्रायव्हरला पाच हिश्शांतले चारहून थोडे जास्त हिस्से फेसचे, आयर्नला चारांतले सुमारे तीन. वळण ठरतं ते फेस आणि स्विंगची वाट (क्लब ज्या दिशेने चेंडूवर येतो ती) यांच्यातल्या फरकावरून. वाटेच्या मानाने फेस उजवीकडे उघडा असेल तर चेंडू उजवीकडे वळतो, डावीकडे बंद असेल तर डावीकडे.

जुनी शिकवण उलटी होती: निघण्याची दिशा वाट ठरवते आणि वळण फेस ठरवतं. 2000 नंतरच्या दशकात ट्रॅकमनसारखी रडार यंत्रं आली आणि हे मागे पडलं. पण गोल्फरांच्या गप्पांत ते अजून जिवंत आहे. 'फेस लक्ष्याकडे, पाय डावीकडे' हा फेडचा सल्ला तिथलाच. त्याने चेंडू साधारण लक्ष्याच्या दिशेनेच निघतो आणि तिथून उजवीकडे वळून ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या, बाहेर पडतो.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने ठिपका काढा, ठिपका फेसच्या बाजूला ठेवून मारा आणि त्याचा शिक्का फेसवर कुठे उमटतो ते पाहा. चेंडू क्लबच्या टोकाला (दांड्यापासून लांबच्या कडेला) लागला तर तो डावीकडे वळायला बघतो, टाचेला (दांड्याकडच्या कडेला) लागला तर उजवीकडे. ड्रायव्हरला हा परिणाम फार मोठा असतो. ठिपके सगळे टाचेकडे उमटत असतील तर तुमचा 'फेड' हा फेड नव्हेच, तुम्ही चेंडूच्या फार जवळ उभे आहात. आधी ते निस्तरा आणि वीस चेंडू पुन्हा मोजा.

पायरी 3: निवडा, आणि मग डगमगू नका

वीसपैकी चौदा किंवा जास्त एकाच बाजूला वळले असतील तर निवड झालेली आहे. तुम्हाला कुठला फटका आवडतो हा प्रश्नच येत नाही. दहा-दहा असं वाटलं गेलं असेल तर वळण निवडण्याआधी ग्रिप, म्हणजे क्लब धरायची पकड, पाहा, कारण ती बहुधा प्रत्येक फटक्याला बदलत असते.

ड्रॉचा एक खरा फायदा लोक सांगतात: फिरकी कमी, उड्डाण खालचं, पडल्यावर चेंडू लांब पळतो. फेड उंच जातो आणि लवकर थांबतो. पण आपल्याकडचा जून ते सप्टेंबर आठवा. जमीन इतकी मऊ असते की चेंडू पडतो तिथेच रुततो. पळायचंच नसेल तर ड्रॉचं ते भांडवल चार महिने कपाटात. उन्हाळ्यात फेअरवे कडक झाल्यावर ड्रॉवाल्यांनी मिरवावं, हरकत नाही. म्हणून आपल्या पट्ट्यात फक्त लांबीसाठी ड्रॉच्या मागे धावू नये, असं माझं मत आहे.

पायरी 4: उभं राहणं

फेडसाठी: *आधी* क्लबफेस लक्ष्याच्या किंचित डावीकडे टेकवा, साधारण 2 अंश. मग पाय आणि खांदे त्याहून आणखी तेवढेच डावीकडे घ्या. चेंडू नेहमीपेक्षा अर्धा चेंडूभर पुढे. आता स्विंग पावलांच्या रेषेत करा आणि हातांनी काही करायला जाऊ नका. 150 यार्डांवर चेंडू पाच-सहा यार्ड डावीकडे निघेल आणि जवळपास तेवढाच परत येईल.

ड्रॉसाठी हेच आरशात: फेस किंचित उजवीकडे, पाय-खांदे आणखी उजवीकडे, चेंडू जरा मागे.

वळण पंधरा-वीस यार्डांच्या पुढे जात असेल तर ते आवरायला हवं, आणि तिथे पहिला संशयित म्हणजे डावा हात. क्लब धरून खाली पाहा. डाव्या हाताच्या बोटांची किती मुळं दिसतात? एकच दिसत असेल तर फेस उघडाच राहणार. दोन किंवा अडीच दिसेपर्यंत हात उजवीकडे फिरवा. पहिले आठ-दहा दिवस हात परका वाटेल, चेंडू डावीकडेही जातील. वाटू द्या, जाऊ द्या. आणि ड्रॉवाल्याला तीन-चार मुळं दिसत असतील आणि हुक होत असेल, तर त्याने हात थोडा डावीकडे आणावा.

पायरी 5: बांबूची काठी

सरावाची ही एकच गोष्ट मी सांगेन. अलाइनमेंट स्टिक (दिशा तपासायची दांडी) नसेल तर नर्सरीत झाडाला आधार द्यायची बांबूची काठी मिळते, तिने काम भागतं. चेंडूच्या पाच मीटर पुढे, थेट लक्ष्याच्या रेषेत ती रोवा. फेडवाल्याचा चेंडू काठीच्या वीतभर *डावीकडून* जायला हवा. तो पुढे कुठे पडला हे बघूच नका, मान वर करायचा मोह आवरा. चेंडू काठीच्या उजवीकडून गेला की तो वाया, मग वळून कितीही सुंदर पडलेला असो.

पहिल्या दिवशी माझे दहापैकी चार बरोबर गेले. महिन्याभराने सात-आठ जायला लागले, आणि मगच मी ड्रायव्हर बाहेर काढला.

पायरी 6: कोर्सवर

फेडवाल्याने टी बॉक्सच्या उजव्या टोकाला चेंडू लावावा म्हणजे डावीकडचं सगळं मैदान समोर उघडतं. ड्रॉवाल्याने डाव्या टोकाला. टीवरच्या दोन मार्करच्या (खुणांच्या) मध्ये आणि मागे दोन क्लबलांबीपर्यंत कुठेही लावायची मुभा असते, आणि तरी आपण सगळे मधोमधच लावतो.

नेम धरताना एक नियम कधीही मोडू नका: चेंडू अजिबात वळला *नाही* तरी तो खेळण्याजोग्या जागी पडला पाहिजे. डावीकडे पांढऱ्या खुंट्या, म्हणजे कोर्सची हद्द, असतील तर त्यांच्यावर नेम धरून 'येईल वळून' म्हणायचं नाही. तो सरळ गेला तर एक दंड आणि पुन्हा त्याच जागेवरून.

वाऱ्याचाही हिशोब हवा. सकाळी आपल्याकडे वारा मंद असतो, दुपारी खाडीकडून-समुद्राकडून सुटतो. डावीकडून येणारा वारा फेडला आणखी लोटतो. अशा वेळी वळण बदलायचं नाही, नेम आणखी डावीकडे सरकवायचा. समोरून वारा असेल तर वळण वाढतं, तेव्हा एक क्लब जास्त (एक नंबर लांब मारणारा) घेऊन सावकाश मारा. पावसात प्रत्येक फटक्याआधी फेस पुसा. चेंडू आणि फेसच्या मध्ये पाणी आलं की फिरकी धड बसत नाही आणि तुमचा भरवशाचा फेड सरळच निघून जातो. दोन टॉवेल ठेवा, एक बॅगेच्या आत कोरडा.

शंभर यार्डांच्या आत हे सगळं विसरा. तिथे वळण जवळपास नसतंच, थेट झेंड्याकडे बघा.

उलटं वळण लागलंच तर?

कधीतरी चेंडू झाडामागे जाऊन बसतो आणि नेमका दुसऱ्या बाजूने वळवायला हवा असतो. 2012 च्या मास्टर्समध्ये प्लेऑफला डावखुऱ्या बुब्बा वॉटसनने झाडांच्या आतून वेजने चेंडू असा काही वळवला की तो ग्रीनवर जाऊन थांबला आणि स्पर्धा त्याने जिंकली. ते दृश्य बघून किती जणांनी आपले चेंडू झाडाच्या बुंध्यावर आपटले असतील!

मी मागच्या महिन्यात त्यांच्यातलाच होतो. झाडापाठीमागून ड्रॉ मारायला पाच नंबर मागितला. काकांनी काही न बोलता सात नंबर पुढे केला आणि फेअरवेकडे, आडवं, बोट दाखवलं. तीस यार्ड बाजूला काढला, पुढचा फेड ग्रीनच्या कडेला आला, मग भोकाकडे ढकलायचे दोन फटके (पट). बोगी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त.

वीस चेंडूंची वही मी अजून दर दोन महिन्यांनी काढतो. परवाच्या रविवारी पंधरा चेंडू डावीकडे निघून उजवीकडे आले, तीन सरळ गेले. उरलेले दोन उजवीकडे निघून उजवीकडेच गेले, आणि दोन्ही वेळा चेंडू पायांच्या फार मागे लावला होता असं मित्राने लिहून ठेवलं आहे.