व्हीलॅन बनवलं, दिवे लागले, तरी नेटवर्क चालत नाही: ट्रंक पोर्ट कसा लावावा आणि बिघाड कसा शोधावा

एकाच वायरिंगवर दोन-तीन वेगळी नेटवर्क चालवायची असली की व्हीलॅन लागतं, म्हणजे त्याच स्विचवर आखलेलं स्वतंत्र आभासी नेटवर्क. राउटर आणि मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच हाताशी असतील तर बहुतेक काम सरळ आहे. गाडी अडते ती एकाच जागी: दोन स्विचमधली, किंवा स्विच आणि राउटरमधली ती एक केबल, जिच्यातून सगळी व्हीलॅन एकत्र जातात, म्हणजे ट्रंक. तिथे बिघडलं की ‘राउटर बंद करून चालू करा’, ‘फॅक्टरी रीसेट मारा’ असे सल्ले मिळतात. दोन्ही करू नका. चुकीचं कॉन्फिग रीस्टार्टने बरोबर होत नाही, आणि रीसेट मारला की चूक कुठे होती याचा मागही पुसला जातो.

उदाहरण म्हणून एक राउटर धरू, त्याला जोडलेला २४ पोर्टचा स्विच ‘अ’ आणि वरच्या मजल्यावर तसाच स्विच ‘ब’. व्हीलॅन १० कामाच्या कॉम्प्युटरसाठी, २० पाहुण्यांच्या वायफायसाठी, ३० कॅमेऱ्यांसाठी आणि ९९ स्विच सांभाळण्यासाठी, म्हणजे मॅनेजमेंटचं. आयपीचे पट्टे व्हीलॅनच्या नंबरवरूनच ठेवा: १९२.१६८.१०.०, १९२.१६८.२०.० असे, प्रत्येकाचा मास्क २५५.२५५.२५५.०. मग मशीनचा आयपी बघितला की ते कोणत्या व्हीलॅनमध्ये पडलंय ते लगेच कळतं. बिघाड शोधताना याचा फार उपयोग होतो.

सुरुवात करण्याआधी चालू कॉन्फिगची प्रत काढून ठेवा. स्विचला कन्सोल पोर्ट (नेटवर्कशिवाय थेट आत शिरण्याचा) असेल तर त्याची केबल जवळ असू द्या. सिस्कोच्या बहुतेक उपकरणांवर कन्सोलचा वेग ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद.

पायरी १: दोन्ही स्विचवर चारही व्हीलॅन बनवा. ‘अ’वर बनवलं म्हणून ‘ब’वर आपोआप येईल असं धरू नका.

पायरी २: कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे ज्या पोर्टवर आहेत ते ॲक्सेस (एकाच व्हीलॅनचे) करा आणि ज्याच्या त्याच्या व्हीलॅनमध्ये टाका. प्रत्येक स्विचवर एक पोर्ट रिकामा ठेवून तो ९९ मध्ये ॲक्सेस करून ठेवा. काही चुकलं आणि बाहेर फेकले गेलात तर लॅपटॉप त्या पोर्टला लावून, ९९ च्या पट्ट्यातला आयपी हाताने टाकून परत आत शिरता येतं.

पायरी ३: ट्रंक. इथे थांबा आणि सावकाश वाचा.

कॉम्प्युटर साधी, टॅग (व्हीलॅनच्या नंबरची चिठ्ठी) नसलेली फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, पाठवतो. ती पोर्टवर आली की स्विच तिला एका व्हीलॅनमध्ये धरतो. ट्रंकमधून बाहेर पाठवताना तो फ्रेममध्ये ४ बाइटचा टॅग घालतो. त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या नंबरसाठी असतात, म्हणून वापरता येणारे नंबर १ ते ४०९४. पलीकडचा स्विच टॅग वाचून फ्रेम त्याच व्हीलॅनमध्ये ठेवतो आणि शेवटच्या पोर्टवर टॅग काढून मशीनच्या हाती देतो. ही पद्धत ८०२.१क्यू या नावाने ठरलेली आहे आणि बहुतेक सगळ्या कंपन्यांचे मॅनेज्ड स्विच ती पाळतात.

म्हणजे कुठल्याही पोर्टला दोनच प्रश्न विचारायचे. टॅग नसलेली फ्रेम आत आली तर ती कोणत्या व्हीलॅनमध्ये जाते? आणि अमुक व्हीलॅनची फ्रेम बाहेर जाताना टॅगसकट जाते, टॅग काढून जाते, की जातच नाही? हे दोन्ही प्रश्न केबलच्या दोन्ही टोकांना विचारा आणि उत्तरं कागदावर शेजारी शेजारी लिहा. दोन्ही बाजूंची उत्तरं जुळली नाहीत की तिथेच बिघाड आहे. हा कागद न करता स्क्रीनवर अंदाजाने टिकमार्क लावत बसलं तर संध्याकाळ जाते.

वेबपेजवरून चालणाऱ्या स्वस्त स्विचवर हे दोन प्रश्न दोन वेगळ्या पानांवर असतात, आणि जास्तीत जास्त लोक इथेच फसतात. ‘टॅग्ड-अनटॅग्ड’चं पान फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं, बाहेर जाताना काय होतं त्याचं. आत येणाऱ्या फ्रेमचं व्हीलॅन ठरतं ते पीव्हीआयडीवरून (पोर्टला लावलेला व्हीलॅन नंबर), आणि ते पान निराळं असतं. समजा पोर्ट ५ तुम्ही व्हीलॅन २० मध्ये अनटॅग्ड केला, पण पीव्हीआयडी १ च राहू दिला. आता व्हीलॅन २० मधल्या फ्रेम त्या मशीनपर्यंत पोचतात, पण मशीनचं उत्तर व्हीलॅन १ मध्ये जाऊन पडतं. वाहतूक एकेरी होते. त्यात जुनी सदस्यताही काढलेली नसेल, म्हणजे पोर्ट ५ अजून व्हीलॅन १ मध्येही अनटॅग्ड असेल, तर मशीनला आयपी मिळतो, पण व्हीलॅन १ च्या पट्ट्यातला. सगळं चालल्यासारखं दिसतं आणि पाहुणा थेट तुमच्या जुन्या नेटवर्कमध्ये बसलेला असतो. म्हणून प्रत्येक ॲक्सेस पोर्टवर तीन गोष्टी एकदमच करा: नव्या व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड, पीव्हीआयडी तोच, आणि व्हीलॅन १ मधून पोर्ट काढलेला.

सिस्कोच्या आयओएसवर (त्यांच्या स्विच-राउटरची प्रणाली) आज्ञा सोपी आहे: ‘स्विचपोर्ट मोड ट्रंक’. काही जुने स्विच ही आज्ञा नाकारतात, कारण त्यांना आयएसएल ही जुनी पद्धतही येते. तिथे आधी ‘स्विचपोर्ट ट्रंक एन्कॅप्सुलेशन डॉटवनक्यू’ द्यावं लागतं. दोन्ही टोकं ‘डायनॅमिक ऑटो’वर सोडली तर दोघंही दुसऱ्याची वाट बघतात आणि ट्रंक बनत नाही. त्यामुळे वाटाघाटींवर काही सोडू नका. दोन्हीकडे ट्रंक ठाम लावा आणि ‘स्विचपोर्ट नॉननेगोशिएट’ द्या.

आता सगळ्यात धोक्याची आज्ञा. ट्रंकवर १०, २० आणि ९९ चालू आहेत आणि तुम्हाला कॅमेऱ्यांचं ३० वाढवायचं आहे. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ असं लिहिलंत तर ३० वाढत नाही. जुनी यादी पुसून एकटं ३० उरतं. १० आणि २० मधले सगळे तुटतात, आणि ९९ गेल्यामुळे ‘ब’ स्विचवरचं तुमचं स्वतःचं लॉगिनही तुटतं. बरोबर आज्ञा ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०’. ‘ॲड’ हा एक शब्द एंटर दाबण्याआधी दर वेळी डोळ्यांनी बघा, कितीही घाई असली तरी.

लांबच्या स्विचवर ट्रंकला हात लावण्याआधी ‘रीलोड इन १०’ द्या. कॉन्फिग सेव्ह करायचं का असं तो विचारेल, तिथे ‘नो’ म्हणा. बाहेर फेकले गेलात तर १० मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत येतो. सगळं ठीक झालं तर ‘रीलोड कॅन्सल’ द्यायला विसरू नका, नाहीतर भरल्या कामात स्विच बंद पडेल. मायक्रोटिक कंपनीच्या उपकरणांवर हेच काम सेफ मोड करतो: जोडणी तुटली की त्या मोडमध्ये केलेले बदल तो स्वतःच मागे घेतो. आणि क्रम कायम हाच: आधी लांबचं टोक बदला, मग जवळचं. जवळचं आधी बदललंत तर लांबच्यापर्यंत पोचायचा रस्ताच कापला जातो.

राहिलं नेटिव्ह व्हीलॅन. ट्रंकवर टॅगशिवाय येणारी फ्रेम या व्हीलॅनमध्ये धरली जाते. एका टोकाला १ आणि दुसऱ्या टोकाला १० असलं तर दोन नेटवर्क एकमेकांत गळायला लागतात. सिस्कोचे स्विच दोन्हीकडे असले तर लॉगमध्ये ‘नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅच’ असं स्पष्ट येतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे असतील तर बहुधा कुणी काही सांगत नाही. स्विच ते स्विच ट्रंकवर नेटिव्हसाठी कुणीही न वापरलेला नंबर, उदाहरणार्थ ९९९, दोन्हीकडे ठेवा आणि खरी व्हीलॅन सगळी टॅग्ड न्या. वायफाय ॲक्सेस पॉइंटचा पोर्ट मात्र याला अपवाद: बरेच ॲक्सेस पॉइंट आपलं मॅनेजमेंट टॅगशिवायच बोलतात, म्हणून तिथे ९९ नेटिव्ह आणि २० टॅग्ड.

झालं की ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ चालवा. या आज्ञेचं उत्तर चार तुकड्यांत येतं आणि ते वरून खाली वाचायचं असतं. पहिल्या तुकड्यात पोर्ट दिसतच नसेल तर ट्रंक बनलेला नाही. दुसऱ्यात परवानगी असलेल्या व्हीलॅनची यादी असते. तुमचा नंबर इथे नसेल तर ‘अलाउड’ची चूक. तिसऱ्यात परवानगी असलेली आणि चालू असलेली व्हीलॅन. दुसऱ्यात नंबर आहे आणि तिसऱ्यात नाही, याचा अर्थ या स्विचवर ते व्हीलॅन बनवलेलंच नाही किंवा बंद आहे, म्हणजे पायरी १ राहून गेली. चौथ्यात स्पॅनिंग ट्रीने (फ्रेम गोल फिरत राहू नयेत म्हणून जादा रस्ता बंद ठेवणारी यंत्रणा) पुढे जाऊ दिलेली व्हीलॅन. फक्त इथूनच नंबर गायब असेल तर पोर्ट ब्लॉक झालाय किंवा प्रुनिंगने (ट्रंकवरून नको असलेली व्हीलॅन आपोआप गाळण्याची सोय) ते व्हीलॅन गाळलंय. दोन स्विचमध्ये दुसरी केबल असेल तर एक ब्लॉक असणं बरोबरच आहे. नंबर ज्या तुकड्यात हरवतो तिथेच दुरुस्ती. दुसरीकडे हात लावू नका.

पायरी ४: राउटर. ज्या पोर्टवर ट्रंक येतो त्यावर प्रत्येक व्हीलॅनसाठी एक सबइंटरफेस (त्याच पोर्टचा आभासी भाग) बनवा, ‘एन्कॅप्सुलेशन डॉटवनक्यू २०’ द्या, मग गेटवेचा (त्या व्हीलॅनमधून बाहेर पडण्याच्या दाराचा) आयपी, १९२.१६८.२०.१. सबइंटरफेसचा नंबर तुमच्या सोयीसाठी असतो; फ्रेम कुठे जाते ते ‘डॉटवनक्यू’पुढच्या आकड्यावरून ठरतं. मूळ पोर्टला ‘नो शटडाउन’ दिलंय ना, बघा. प्रत्येक व्हीलॅनला वेगळा डीएचसीपी पूल (मशीनना आपोआप वाटायच्या आयपींचा साठा).

यानंतर एक गोष्ट करायलाच हवी. व्हीलॅन वेगळी केली म्हणून पाहुणे कामाच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणार नाहीत, असं मुळीच नाही. दोन्ही गेटवे एकाच राउटरवर आहेत, आणि नियम घातला नाही तर साधा राउटर २० मधून १० मध्ये वाट खुशाल दाखवतो. २० वर येणाऱ्या वाहतुकीला १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५ कडे जाण्याची बंदी घाला. पाहुण्यांचा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून आयपी शोधून देणारा) १९२.१६८.२०.१ च असेल तर त्याला परवानगी देणारी ओळ बंदीच्या वर हवी. नाहीतर बाहेरच्या आयपीला पिंग (पोचतंय का ते बघणारी हाक) जाईल, पण एकही वेबसाइट उघडणार नाही.

पायरी ५: तपासणी. प्रत्येक व्हीलॅनमध्ये, दोन्ही स्विचवर, एकेक मशीन लावा आणि आयपी बघा.

१६९.२५४ ने सुरू होणारा आयपी आला तर डीएचसीपीचं उत्तर मशीनपर्यंत पोचलेलं नाही. मशीनला त्या पट्ट्यातला आयपी हाताने द्या आणि गेटवेला पिंग करा (२० मध्ये वरची बंदी गेटवेचा पिंगही अडवते, तिथे बाहेरच्या आयपीला करा). पिंग गेला तर रस्ता चांगला आहे, डीएचसीपी पूल तपासा. नाही गेला तर रस्ता तुटलाय, आणि त्याचा माग मॅक ॲड्रेस टेबलवरून (कोणतं मशीन कोणत्या पोर्टवर आहे याची स्विचमधली नोंद) काढायचा. ‘ब’ स्विचवर त्या मशीनचा मॅक योग्य पोर्टवर आणि योग्य व्हीलॅनमध्ये दिसतो का? मग ‘अ’वर तोच मॅक ट्रंकच्या पोर्टवर दिसतो का? ‘ब’वर आहे आणि ‘अ’वर नाही, तर दोष त्या ट्रंकचा. दोन्हीकडे आहे, तर राउटरच्या बाजूला जा. बघताना मशीनवरून पिंग चालू ठेवा, कारण मशीन गप्प राहिलं तर नोंद साधारण ३०० सेकंदांत पुसली जाते आणि तुम्ही नसलेल्या बिघाडामागे धावता.

केबल लावल्यावर अर्ध्या मिनिटाने नेट येत असेल तर ते स्पॅनिंग ट्री आहे: १५ सेकंद ऐकणं, १५ सेकंद शिकणं. मशीनच्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न बघता पोर्ट लगेच चालू) लावा, सोबत बीपीडीयू गार्ड (तिथे कुणी स्विच लावला तर पोर्ट बंद). ट्रंकवर पोर्टफास्ट लावू नका. आणि ‘त्रास देतो’ म्हणून स्पॅनिंग ट्री बंद तर कधीच करू नका. कुणी एका केबलची दोन्ही टोकं भिंतीतल्या सॉकेटांत खोचली की सगळे दिवे एका लयीत वेगाने लुकलुकायला लागतात आणि पूर्ण नेटवर्क झोपतं.

नेट चालतं पण रडतखडत, तर पोर्टचा वेग बघा. १ गिगाबिटच्या जागी १०० मेगाबिट दिसत असेल तर बहुधा केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली आहे. गिगाबिटला चारही लागतात. पोर्टचे काउंटर शून्य करून ५ मिनिटांनी परत बघा. सीआरसी (खराब आलेल्या फ्रेमची मोजणी) वाढत असेल तर आधी केबल बदला. त्याने फरक पडला नाही तर डुप्लेक्स (फुल म्हणजे दोन्ही दिशांनी एकाच वेळी, हाफ म्हणजे आळीपाळीने) बघा: एका टोकाला फुल डुप्लेक्स हाताने लावलंय आणि दुसरं ऑटोवर आहे, तर ऑटोवालं टोक हाफवर पडतं, तिथे लेट कोलिजन (फ्रेमच्या उशिराच्या धडका) वाढतात आणि फुलच्या बाजूला सीआरसी. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवा.

सगळं जुळलं की ‘रीलोड कॅन्सल’ दिलंय ना ते बघा, मग दोन्ही स्विच आणि राउटर सेव्ह करा. वेबपेजच्या पुष्कळ स्विचवर ‘अप्लाय’ दाबलं तरी बदल फक्त चालू मेमरीत जातो आणि ‘सेव्ह’चं बटण वेगळ्या मेनूत असतं. म्हणून काम संपल्यावर, कुणी वापरत नसताना, तिन्ही उपकरणं एकदा स्वतःच्या हाताने बंद-चालू करा, चारही व्हीलॅन परत तपासा आणि मगच कॉन्फिगची नवी प्रत काढा.