घरातले जुने पिक्चरवाले आजोबा शोधायचे कसे

कोल्हापुरात कुठल्याही पेठेत जावा, एक तरी घर असं निघतंच जिथं सांगतात की आमचे आजोबा पिक्चरमध्ये होते. आमच्याकडं आईचे मामा. सगळे म्हणायचे ते व्ही. शांतारामबापूंच्या प्रभात फिल्म कंपनीत होते, पण पिक्चरचं नाव विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडं बघणार. वर्षभर ह्याच्या मागं होतो, त्यातनं जे कळलं ते सांगतो.

नावापासनं सुरू करू नका. बारक्या कामाच्या माणसांची नावं टायटलात बहुतेक नसायचीच. आधी माणूस कुठल्या साली कुठं राहत होता ते पक्कं करा, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, काहीपण चालतंय. कारण प्रभात १९२९ ला कोल्हापुरात निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, म्हणजे तो इथलाच. पण आजोबांनी कोल्हापूर कधी सोडलंच नाही आणि घरचे म्हणतायत १९३५ ला काम केलं, तर प्रभातचा नाद सोडा, कोल्हापूर सिनेटोन नाहीतर शालिनी सिनेटोन ह्या इथल्याच पिक्चर कंपन्यांकडं वळा. मी ह्यातच सहा महिने घालवले, पुण्यातल्या पिक्चरांत चेहरा हुडकत बसलो आणि मामाआजोबा त्या टायमाला इथं तालमीत दंड काढत होते!

दुसरी गोम म्हणजे एकाच नावाचे दोन पिक्चर. 'सावकारी पाश' १९२५ चा मूकपट आणि १९३६ चा बोलपट, दोन्ही कोल्हापूरचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर ह्यांचे. 'सैरंध्री' १९२० ची पेंटरांची, १९३३ ची प्रभातची. म्हातारी माणसं नुसतं नाव सांगून मोकळी होतात, तेव्हा आपण विचारायचं, "आत्ती, त्या पिक्चरमध्ये माणसं बोलायची का?" एवढ्यावर निम्मा गुंता सुटतो.

मराठी आणि हिंदी दोन्ही बघा. 'अयोध्येचा राजा' दोन्ही भाषांत काढलेला, त्यामुळं एकात कडेला उभा असलेला माणूस दुसऱ्यात दिसेलच असं नाही. आणि ते गायचे असं कुणी सांगितलं तर थापा म्हणून सोडून देऊ नका, सुरुवातीला प्लेबॅक नव्हताच, कॅमेऱ्यासमोर उभं राहूनच गायला लागायचं.

करवीर नगर वाचन मंदिरात आणि पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये जायचं तर साल आणि पिक्चरचं नाव घेऊनच जावा, नुसतं "आजोबा होते" म्हणून काय उपयोग नाही. गाण्यांची छापील बुकलेटं कुणाच्या ट्रंकेत असली तर आधी मोबाईलवर फोटो काढा, कागद घडीवरच तुटतो.

मग निवांत बसून पिक्चर बघायचा, हिरोकडं बघायचंच नाही. दाढी, टोप, मुकुट ह्यात चेहरा सापडत नाही, म्हणून कान, चाल, उभं राहायची ढब बघायची. दरबाराच्या सीनला मी पॉज करून चार स्क्रीनशॉट काढले आणि मावशीला दाखवले. तिनं चष्मा वर सरकवला, एकेकावर बोट ठेवत गेली, हा न्हवं, हा बी न्हवं, आणि डावीकडनं तिसऱ्यापाशी थांबली. "ह्यो बघ. सगळ्यांचा भाला उजव्या हातात, ह्याचा डाव्यात. मामा जेवायचा पण डाव्यानंच, आजी किती मारायची त्याला."