परक्या भाषेतली टॅक्सी : पत्ता आधी घरीच काढून ठेवा

बँकॉकला निघणार असाल तर हॉटेलचा पत्ता थाई लिपीत मिळवा आणि तो नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर जायच्या आधी, घरी बसूनच मिळवा. हॉटेलला ईमेल केला की ते पाठवतात. मोबाइलमध्ये फोटो ठेवा, वर एक कागदी प्रतही काढा, कारण तिथे उतरल्यावर नेट चालेलच असं नाही. इंग्रजी पत्त्याचा उपयोग कमी. पुष्कळ चालकांना रोमन अक्षरं नीट वाचता येत नाहीत, आणि आपला उच्चार तर त्यांना बिलकुल कळत नाही. आमच्या काकूंनी हॉटेलचं नाव तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा वेगळं! शेवटी कागद पुढे केला. चालकाने चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला, मान डोलावली अन् गाडी सुरू.

कागदावर हॉटेलचा फोन नंबरही हवा. गल्ली सापडली नाही की चालक स्वतःच फोन लावून विचारतो.

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर तळमजल्यावरच्या यंत्रातून चिठ्ठी घ्या. तिच्यावरच्या क्रमांकाच्या जागी तुमची टॅक्सी उभी असते. चिठ्ठी उतरेपर्यंत जपा, तक्रारीला तीच कामी येते. मीटरवर विमानतळाचे वेगळे पैसे जास्तीचे लागतात, टोलही आपलाच. त्यावरून वाद घालू नका राजेहो. मीटर न टाकता कोणी भाव सांगितला तर मात्र सरळ खाली उतरा.

सुट्टे पैसे विमानतळावरच करून घ्या.