कारागृहातली ड्युटी आणि अंगावरचं संरक्षण: या चुका टाळा

कारागृह शिपाई, हवालदार आणि तुरुंगाधिकारी यांच्या अंगावर जे संरक्षण असायला हवं, त्याबद्दल आपल्याकडे दोनच वेळा बोललं जातं: खरेदीच्या वेळी आणि हल्ला झाल्यावर. मधल्या काळात जॅकेट कोठारात घडी घालून पडलेलं असतं, ढालीची मूठ सुतळीने बांधलेली असते आणि झडतीला दवाखान्यातले पातळ हातमोजे वापरले जातात. या बारीकसारीक चुका जिवावर बेततात. त्यातल्या बहुतेक पैशाशिवाय दुरुस्त होणाऱ्या आहेत, म्हणून त्या नीट मांडतो आहे.

गोळी थांबवणारं जॅकेट टोचा थांबवेलच असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक. 'बुलेटप्रूफ आहे ना, मग चाकूचं काय घेऊन बसलात?' हे वाक्य खरेदी समितीच्या बैठकीतही ऐकू येतं. गोळी थांबवणाऱ्या मऊ जॅकेटमध्ये अ‍ॅरामिड या फार चिवट कृत्रिम धाग्याच्या कापडाचे थर असतात. गोळी बोथट होऊन पसरते आणि तिचा जोर बऱ्याच धाग्यांवर वाटला जातो. टोच्याचं, म्हणजे टोकदार सळईसारख्या हत्याराचं, तसं होत नाही. तिचा सगळा जोर एका टोकावर असतो, ती धागे तोडत बसत नाही, बाजूला सारते. गोणपाटातून दाभण जातो तशी ती जाते. भोसकण्यापासून वाचवणाऱ्या जॅकेटात म्हणूनच फार घट्ट विणीचं कापड, राळेचा लेप दिलेले थर किंवा धातूची जाळी वापरतात.

आता कारागृहात धोका कशाचा असतो ते पाहा. 2010 मध्ये आर्थर रोड कारागृहात अबू सालेमवर हल्ला झाला तो धार लावलेल्या चमच्याने. 2023 च्या मे महिन्यात दिल्लीच्या तिहार कारागृहात गुंड टिल्लू ताजपुरिया याचा खून झाला, त्यात लोखंडी जाळीच्या घासून टोकदार केलेल्या सळया होत्या. 2024 च्या जूनमध्ये कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात 1993 च्या बॉम्बस्फोट खटल्यातल्या एका बंद्याला ड्रेनेजच्या लोखंडी झाकणाने मारण्यात आलं. 2013 मध्ये तळोजा कारागृहात पिस्तूल चाललं हेही खरं, त्यामुळे गोळीचा विचार सोडून द्या असं मी म्हणणार नाही. पण बराकीत रोज ड्युटी करणाऱ्याच्या वाट्याला येतो तो चमचा, पत्र्याचा तुकडा, फरशीची कपची आणि टूथब्रशच्या दांड्यात बसवलेलं ब्लेड.

म्हणून निविदेत फक्त 'प्रोटेक्टिव्ह जॅकेट' असं लिहू नका. भारतीय मानक आयएस 17051 गोळीरोधक जॅकेटसाठी आहे, त्याचा शिक्का असला म्हणजे टोच्याची चाचणी झाली असं होत नाही. अमेरिकेच्या एनआयजे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) या संस्थेच्या 2000 सालच्या 0115.00 या मानकात दोन वेगळे वर्ग होते: एक कारखान्यात बनलेल्या धारदार चाकूंसाठी, दुसरा टोच्यांसाठी. हा दुसरा वर्ग कारागृहातली घरगुती हत्यारं डोळ्यांसमोर ठेवूनच केला होता. त्यात पहिल्या पातळीला 24, दुसरीला 33 आणि तिसरीला 43 ज्यूल ऊर्जेचा वार करून पाहतात आणि टोक 7 मिलिमीटरपेक्षा आत गेलं तर जॅकेट नापास. पुरवठादाराला विचारायचा प्रश्न सरळ आहे: टोच्याच्या वर्गात, कोणत्या पातळीला, कोणत्या प्रयोगशाळेत चाचणी झाली? अहवाल मागा. तो नसेल तर जॅकेट कितीही जड आणि भारदस्त दिसो, परत करा.

चांगलं जॅकेट आल्यावरही तक्रारी येतात. त्यांची कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात.

बसलं की जॅकेट हनुवटीपर्यंत चढत असेल, तर लांबी चुकली आहे. पुढचं पॅनल बसल्यावर पट्ट्याच्या जरा वर संपायला हवं. बगलेत मोठी फट राहत असेल तर कडेच्या पट्ट्या सैल आहेत किंवा साइज मोठी आहे, आणि झटापटीत पहिला वार कडेलाच बसतो. महिला शिपायांना पुरुषांच्या मापाचं जॅकेट देणं ही तर सर्रास होणारी चूक. छातीवर पॅनल उभं राहतं, खाली पोकळी तयार होते, वाकताही येत नाही, आणि मग ते खुंटीवर जातं. महिला कारागृहासाठी मापं घेऊनच मागणी पाठवा.

नागपूर, अमरावतीच्या मे महिन्यात दिवसभर जॅकेट घालून उभं राहणं सोपं नाही, आणि 'घालायलाच हवं' असं दरडावून ते होत नाही. कुठल्या कामाला ते काढायचंच नाही हे ठरवा: बराक उघडणं आणि बंद करणं, झडती, अतिसुरक्षा विभाग, भांडण सोडवणं. बाकी वेळेत अधिकाऱ्याच्या परवानगीने आळीपाळीने काढू द्या, पाणी द्या. आत सुती बनियन असावं. बाहेरचं कव्हर वेगळं काढून धुवा, आतलं पॅनल कधीच भिजवू नका. ते ओल्या फडक्याने पुसून सावलीत आडवं ठेवायचं. अ‍ॅरामिडला ऊन मानवत नाही, त्यामुळे घाम वाळावा म्हणून गच्चीवर दोरीला टांगलेलं जॅकेट हळूहळू निकामी होतं. पॅनलला घडी पडलेली असेल, कडेची शिवण उसवली असेल किंवा उत्पादकाने दिलेली मुदत संपली असेल, तर ते सरावासाठी वेगळं काढा.

झडतीत हात सरकवणं

खिशात, गादीच्या शिवणीत, पाइपामागे हात घालून चाचपत जाणं ही सवय इतकी जुनी आहे की नव्या शिपायालाही पहिल्या आठवड्यात तीच लागते. हात सरकवला की ब्लेड कापतं, सुई टोचते. दाबून पाहा, उचला, पुढे दाबा. कपड्यांवरून घासत न जाता थोपटत जा. खिसे बंद्याला स्वतःच उलटे करायला लावा. कप्प्यात, टाकीमागे, संडासाच्या वरच्या कडेला आधी टॉर्च आणि दांड्याचा आरसा, मग हात.

हातमोज्यांचीही गफलत होते. नायट्रिलचे किंवा लेटेक्सचे मोजे रक्त आणि थुंकीपासून वाचवतात, धारेपासून नाही. कापरोधक मोजे ब्लेड अडवतात, पण त्यातले बरेचसे सुईपुढे हतबल असतात, कारण सुई विणीतून आरपार जाते. सुईसाठी वेगळा वर्ग असतो आणि तो महाग आहे. कमी खर्चातला उपाय म्हणजे आत नायट्रिल, वर कापरोधक, आणि सुईचा संशय असेल तिथे चिमटा.

तरीही टोचलं तर? जखम पिळू नका, तोंड लावू नका, ब्लीच किंवा स्पिरिट ओतू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यावर संसर्गाची शक्यता साधारण 1000 मध्ये 3 इतकी असते. हिपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्याला शंभरात तीस वेळांपर्यंत होऊ शकतो. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं शक्यतो 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. 'ड्युटी संपली की जातो' हे इथे चालत नाही. हिपॅटायटिस बीची लस शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रांत असते, तिची नोंद प्रत्येकाच्या सेवापुस्तकाला जोडलेली हवी. भरतीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत हे काम उरकायला हवं. वरिष्ठांनी यात दिरंगाई केली तर मला ते अक्षम्य वाटतं.

ढाल थिनरने पुसणं

दंगलीच्या ढाली आणि हेल्मेटची काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे कठीण पारदर्शक प्लास्टिकची असते. हे साहित्य दगड झेलतं, पण थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन झेलत नाही. रंगाचे डाग काढायला कुणीतरी थिनरचा बोळा फिरवतो, ढाल चकचकीत दिसते आणि आत केसासारख्या रेषा पडू लागतात. पुढच्या दगडाला ती तिथेच तडकते. ढाल उजेडासमोर तिरकी धरा: मुठीच्या स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बाद करा. मूठ तुटल्यावर ड्रिलने नवी भोकं पाडणंही तितकंच वाईट, तडा तिथूनच निघतो. सौम्य साबण, पाणी, मऊ फडकं एवढंच तिला लागतं.

हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा मोकळा सोडून धावणारे खूप दिसतात. पट्टा नसलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्याला डोळ्यांवर येतं आणि माणूस आंधळा होतो.

एकट्याने आत जाणं

आर्थर रोड कारागृहाची क्षमता वर्षानुवर्षं 804 होती आणि आत तीन हजारांहून अधिक बंदी राहिले आहेत. अशा ठिकाणी 'सोबत कुणी नाही, पण पटकन बघून येतो' हे रोज घडतं, आणि मनुष्यबळ कमी असताना त्यात शिपायाचा दोष काढणं मला पटत नाही. तरीही काही गोष्टी एकट्या माणसाच्या हातात असतात. राउंडला निघण्यापूर्वी वॉकीटॉकीवर एक वाक्य बोलून पाहा, दिवा पेटला म्हणजे आवाज जातो असं नाही. कुठे जातोय आणि कधी परतणार हे कंट्रोलला सांगा. शिट्टीची आणि किल्ल्यांची दोरी गळ्यात घालायची असेल तर झटक्याने सुटणारी घ्या, नाहीतर तुमचाच फास तयार होतो. किल्ल्यांचा जुडगा साखळीने पट्ट्याला हवा आणि तो कुठल्याही बंद्याच्या हाती जायला नको, मग तो कितीही विश्वासातला असो.

रात्रीचा प्रश्न वेगळा आहे. बराकींना कुलूप लागल्यावर त्यांच्या किल्ल्या पेटीत कुलूपबंद असतात. कोठडीत कुणी गळफास घेतला तर बाहेरचा शिपाई गजांतून बघत राहतो, आणि मेंदूला रक्त मिळालं नाही तर चार-पाच मिनिटांत कायमचं नुकसान होतं. देशातल्या कारागृहांत होणाऱ्या अनैसर्गिक मृत्यूंत आत्महत्यांचा वाटा सर्वात मोठा असतो, त्यामुळे हा प्रसंग कुणावरही येऊ शकतो. घंटा वाजल्यापासून कुलूप उघडेपर्यंत किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजून पाहा. जास्त लागत असेल तर पेटीची जागा किंवा जबाबदारी बदला. गळ्याचा फास कापण्यासाठी आतल्या बाजूला धार असलेला, टोक नसलेला आकडीसारखा चाकू मिळतो. इंग्लंडमधल्या तुरुंगांत अधिकारी तो पट्ट्याला बाळगतात. कापताना एकाने शरीर उचलून धरायचं, दुसऱ्याने गाठ शाबूत ठेवून कापायचं. नाडी लागत नाही म्हणून थांबू नका, छातीवर दाब देणं सुरू करा.

स्वयंपाकघर आणि कारखाना विसरणं

12 एप्रिल 2025 रोजी इंग्लंडमधल्या फ्रँकलंड तुरुंगात तीन अधिकाऱ्यांवर उकळतं तेल टाकून घरगुती हत्यारांनी हल्ला झाला. आपल्याकडे मोठ्या पातेल्यांत वरण उकळत असतं आणि चुलीपाशी बंदीच काम करतात. तिथे ड्युटीला असताना चुलीकडे पाठ करू नका, पातेल्यापासून हातभर नव्हे, चार-पाच पावलं दूर राहा आणि दाराची वाट मोकळी ठेवा. कारखान्यात हत्यारं टांगायच्या फळीवर प्रत्येकाची आकृती रंगवून घ्या. रिकामी आकृती दिसली की कुणालाही बाहेर सोडायचं नाही.

खोकणाऱ्यापुढे कापडी रुमाल

दाटीच्या बराकीत क्षयरोग झपाट्याने पसरतो. खोकणाऱ्या बंद्याला सर्जिकल मास्क आणि तुम्हाला एन-95, हा क्रम उलटा करू नका. दाढीवर एन-95 घट्ट बसत नाही. तो धुऊन पुन्हा वापरूही नका. न्यायालयात नेणाऱ्या गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा. दोन आठवडे खोकला असलेल्या प्रत्येकाची थुंकी तपासली गेलीच पाहिजे, त्यात कर्मचारीही आले.

साहित्य अंगावर आहे म्हणून हात उगारणं

हे लिहिणं काहींना आवडणार नाही, पण हेही सुरक्षेचंच आहे. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतला 82 वा नियम सांगतो की बळ फक्त स्वसंरक्षणासाठी, पलायन रोखण्यासाठी किंवा आदेशाला होणारा शारीरिक प्रतिकार मोडण्यासाठी, तेही लागेल तेवढंच वापरावं आणि लगेच वरिष्ठांना कळवावं. 2017 मध्ये भायखळा महिला कारागृहात एका बंदी महिलेच्या मृत्यूनंतर दंगल उसळली आणि कारागृहातल्या कर्मचाऱ्यांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्या दिवशी ज्यांनी काहीच केलं नव्हतं, त्या शिपाई महिलांनाही त्या गच्चीवर चढलेल्या जमावापुढे उभं राहावं लागलं. हेल्मेट-ढालीसह तुकडी बराकीसमोर उभी केली की आतला तणाव वाढतो. म्हणून ती आडोशाला तयार ठेवा आणि आधी ज्याचं बंदी ऐकतात अशा हवालदाराला बोलू द्या. बहुतेक भांडणं तिथेच मिटतात.

हल्ल्यानंतर घाईने सगळं पूर्ववत करणं

वार बसलेलं जॅकेट पुसून पुन्हा घालायचं नसतं. वर छोटं भोक दिसत असलं तरी आतले थर फाटलेले असतात आणि दुसरा वार त्याच जागी पार जातो. शिवाय ते पुराव्याचं साहित्य आहे. पंचनाम्यात त्याचा अनुक्रमांक लिहा आणि ते कागदी पिशवीत सील करा. प्लास्टिकच्या पिशवीत ओलं रक्त कुजतं. खरचटलं असेल तरी वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी करून घ्या, फोटो काढून ठेवा. जखम झाली नाही, हात नुसता झटकला गेला, असे प्रसंगही वहीत नोंदवा: वेळ, बराक, कुठलं काम चालू होतं, सोबत कोण होतं. जॅकेट जप्त झालं म्हणून तो शिपाई दुसऱ्या दिवशी साध्या खाकीत बराक उघडायला जाता कामा नये. प्रत्येक मापाची दोन जादा जॅकेटं मुख्य दरवाजाजवळच्या कपाटात असावीत आणि त्या कपाटाची किल्ली रात्रपाळीच्या अधिकाऱ्याकडेही असावी.