सोलापुरात जर्दाळू लावण्याआधी हे वाचा

रोपवाटिकेत जर्दाळूचं कलम दिसलं, तरी पैसे देण्याची घाई करू नका. या झाडाला हिवाळ्यात झोप लागते, आणि ती मोडायला ७ अंशांच्या खालचे शेकडो तास लागतात. कारगिल-लडाखात ते मिळतात, आपल्याकडे डिसेंबरातही नाहीत. झाड जगेल, पाला देईल, पण फळाची आशा धरू नका.

मात्र जर्दाळूवरच्या संशोधनातली एक गोष्ट आपल्या डाळिंबाला अगदी लागू पडते, ती म्हणजे विरळणी. जर्दाळूत कोय टणक व्हायच्या आधी जादा फळं काढली, तर उरलेली मोठी भरतात. डाळिंबातही झुपक्यात दोन-तीन फळं एकमेकांना चिकटलेली असतात, तिथेच अळी लपते आणि फवारा पोचत नाही. फळं लिंबाएवढी असतानाच कात्रीनं कापा आणि जागेवर एकच ठेवा. हात धजत नाही, हे खरं; तरी कापाच. वाकडं किंवा डागी फळ आधी काढा.

पाणी ठिबकनं, नेमानं द्या. ताणानंतर एकदम भरपूर दिलं, तर फळ तडकतं. वाणाबद्दल शंका असेल, तर केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र जवळच आहे.