पर्लमध्ये सबरुटीनचं चुकलेलं नाव आधीच पकडताना
पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतली आमच्याकडची जुनी स्क्रिप्ट सगळं काम उरकून ऐन शेवटी ‘अनडिफाइन्ड सबरुटीन’ म्हणत कोसळायची. सबरुटीन (नाव देऊन वेगळा ठेवलेला कोडचा तुकडा) होतं ‘प्रिंट_रिपोर्ट’, कॉल मात्र ‘प्रिंट_रिपोट’ला. प्रोग्राम न चालवता नुसतं व्याकरण पाहणारा ‘-सी’ पर्याय लावून तपासलं तर म्हणे ‘सिंटॅक्स ओके’! ढिसाळ कोड अडवणारी पर्लची ‘स्ट्रिक्ट’ सोयही गप्प. कारण नावापुढे कंस असला की पर्ल ते सबरुटीन प्रोग्राम चालतानाच शोधतं. ते मागाहूनही तयार होऊ शकतं ना. कंसाशिवाय नुसतं नाव लिहिलं असतं, तर स्ट्रिक्टनं ‘बेअरवर्ड’ (अर्थ न लागणारा सुटा शब्द) म्हणून तिथंच अडवलं असतं.

शेवटी बी::लिंट या कोड तपासणाऱ्या मॉड्यूलची ‘अनडिफाइन्ड-सब्ज’ तपासणी चालवली आणि ओळ क्रमांकासकट नाव हाती आलं. हे मॉड्यूल 5.20 पासून पर्लसोबत येत नाही, सीपॅन या पर्ल मॉड्यूलांच्या ऑनलाइन संग्रहावरून घ्यावं लागतं. ऑटोलोडच्या, म्हणजे प्रोग्राम चालतानाच तयार होणाऱ्या सबरुटीनच्या नावांवर ते उगाच ओरडतं, ते सोडून द्यायचं. मेथड कॉल (ऑब्जेक्टमार्फत केलेले कॉल) मात्र त्यातूनही निसटतात. तिथं टेस्ट लिहिल्या.