जुन्या इंग्रजीतले बाळ-बाळंतपणाचे शब्द: या चुका टाळा

जुनं इंग्रजी वाचताना अवघड शब्द फारसा त्रास देत नाहीत, कारण तिथे आपण गुपचूप डिक्शनरी उघडतो. घात करतात ते ओळखीचे शब्द. मी भाषांतरं करते, आणि सुरुवातीला एकदा 'शी वॉज ब्रॉट टू बेड ऑफ अ सन' याचं चक्क 'मुलाने तिला बिछान्यावर आणून निजवलं' करून ठेवलं आणि मग पुढच्याच पानावर तो मुलगा दोन दिवसांचा कसा काय म्हणून डोकं खाजवत बसले. साधा अर्थ होता हो, तिला मुलगा झाला! आपण नाही का म्हणत, सूनबाई बाजेवर आहे, तसंच. 'लाइंग-इन' म्हणजेही बाजेवरचेच दिवस, खोटं बोलण्याशी काही संबंध नाही. डब्लिनमध्ये १७४५ साली लाइंग-इन हॉस्पिटल निघालं, आजचं रोटुंडा, ते बाळंतपणासाठीच.

मिडवाइफमधल्या 'मिड'ला मध्य समजू नका. जुन्या इंग्रजीत 'मिड' म्हणजे सोबत, आणि 'वाइफ' म्हणजे बायकोच असं नाही, कुठलीही बाई. म्हणजे बाळंत होणाऱ्या बाईच्या सोबत असणारी ती मिडवाइफ. त्यामुळे हे काम पुरुष करत असेल तरी शब्द चुकत नाही, उगाच नवा शब्द पाडायला जाऊ नका.

'गर्ल' दिसलं की मुलगी असंही लिहून मोकळं होऊ नका. तेराशेच्या आसपासच्या इंग्रजीत गर्ल म्हणजे कुठलंही पोर, आणि 'नेव्ह गर्ल' म्हणजे चक्क मुलगा! नेव्ह हा शब्द तर मला फार आवडतो. आधी नुसता मुलगा, मग हाताखालचा नोकर, मग लबाड माणूस आणि शेवटी पत्त्यातला गुलाम. आपल्या 'पोऱ्या'चं पण अर्धं तसंच झालंय ना, हॉटेलातला पोऱ्या म्हटलं की कोणाचा मुलगा ते कोण विचारतंय. तर जुन्या मजकुरात 'नेव्ह चाइल्ड' आलं तर 'लबाड पोरगं' नको, मुलगा लिहा.

बाळंतिणीच्या खोलीत 'गॉसिप्स' जमल्या असं आलं तर त्या चहाटळ बायका नव्हेत. मुळात गॉडसिब, म्हणजे बाप्तिस्म्याच्या नात्यातलं माणूस, पुढे बाळंतपणाला हाकेला येणाऱ्या मैत्रिणी-शेजारणी. कुचाळक्या हा अर्थ नंतर चिकटला.

मृत्यूच्या नोंदी वाचताना जास्त सांभाळा. लंडनच्या १६३२ सालच्या यादीत 'क्रिसम्स अँड इन्फंट्स' २२६८, 'चाइल्डबेड' १७१ आणि 'टीथ' ४७० असे आकडे आहेत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं दाढदुखीने ४७० माणसं गेली की काय. ती दात येण्याच्या वयातली बाळं होती, कशाने गेलं ते कळलं नाही की दातांवर ढकलायचं. चाइल्डबेड म्हणजे बाळंतपणात गेलेल्या बाया. आणि क्रिसम म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला घालतात ते पांढरं वस्त्र, पहिल्या महिन्यात बाळ गेलं तर त्याच वस्त्रात पुरायचे. म्हणून नोंदीत 'क्रिसम चाइल्ड' दिसलं तर क्रिसम हे बाळाचं नाव धरू नका. त्याला बहुतेक वेळा नावच लिहिलेलं नसतं.

'नॅचरल सन'ला साल बघितल्याशिवाय हात लावू नका. सोळाव्या शतकातल्या मृत्युपत्रात तो पोटचा मुलगा असू शकतो, नंतरच्या काळात तोच शब्द अनौरस म्हणून येतो, आणि एका शब्दावरून अख्खं घराणं बदनाम होतं.

शेवटचा 'क्विक'. 'क्विक विथ चाइल्ड' म्हणजे चपळ बिपळ नाही, क्विकचा जुना अर्थ जिवंत, म्हणजे पोटात बाळ फिरायला लागलंय. इंग्लंडच्या कोर्टाच्या कागदांत या शब्दावर बाईचा जीव टांगलेला असायचा. फाशी सुनावलेली बाई पोटुशी असल्याचं सांगायची, मग जाणत्या बायकांची ज्युरी तिला तपासायची, आणि बाळ फिरत असेल तर फाशी पुढे ढकलायची. १९३१च्या कायद्याने गरोदर बाईची फाशीच बंद झाली. त्याआधीच्या कागदात क्विक आलं की 'बाळ फिरू लागलंय' असंच लिहा.